नाथाजींनी कापलेला फोटो

नाथाजी फोटोग्राफर म्हटलं की म्हसवडात लोक आधी त्यांच्या आवाजाचं सांगतात, फोटोंचं नंतर. आवाज कसला, तोफ म्हणा! सिद्धनाथाच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्याला त्यांचा स्टुडिओ. दहा बाय बाराची खोली, आणि मागं काळ्या पडद्याआड फोटो धुवायची अंधारखोली. कुणी स्टुलावर बसलं की आतनं "इकडं बघा!" अशी आरोळी यायची आणि समोरच्या भांड्याच्या दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा मान वळवायचं. आता त्याला कारण होतं. पंचवीस वर्षं ज्या कॅमेऱ्यावर त्यांनी पोट भरलं, त्यात सगळं हातानं करायचं. भिंगाची कडी फिरवून माणूस स्पष्ट करून घ्यायचा आणि तो हलायच्या आत बटण दाबायचं. माणूस हलला की फोटो गेला. म्हणून आधी दम भरायचा. लेकरं भोकाड पसरायची, म्हातारी माणसं श्वास धरून बसायची, नवरानवरीची तर दातखीळच बसायची. नाथाजींच्या फोटोत हसणारा माणूस हुडकून दाखवावा!

धुळा त्याच स्टुलावर मोठा झालेला. तो पाचधोंडीचा, म्हणजे म्हसवडापासनं दोन कोसांवरच्या गावचा. बाप लहानपणीच गेला. आई रंगुबाईनं चार मेंढरं आणि दीड एकर कोरडवाहू यावर त्याला वाढवला. जावळ काढलं तेव्हा ती त्याला कडेवर घेऊन चालत आली होती, फोटोसाठी. मग शाळेच्या दाखल्याला आला. पुढं मिलिटरीच्या भरतीला तीन वेळा फोटो काढून गेला आणि तीन वेळा छातीच्या मापात राहून परत आला. दर वेळी नाथाजींनी "इकडं बघ!" म्हणायचं आणि धुळानं डोळे वटारून बघायचं. भरतीतनं परतताना तो आधी स्टुडिओत यायचा आणि सांगायचा, "तात्या, फोटू पास झाला, मी नापास." नाथाजींना पोरबाळ नव्हतं. ह्या पोराचा त्यांना फार लळा होता, पण ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. त्या पिढीला ती रीतच नव्हती.

भरतीचा नाद सुटला आणि धुळा बैलगाडीच्या शर्यतीला लागला. पाचधोंडीच्या चैत्रातल्या यात्रेत शर्यती व्हायच्या. शर्यतीची गाडी म्हणजे नुसता सांगाडा, दोन चाकं आणि उभं राहायला एक फळी. प्रत्येक गाडीची वाट आखून दिलेली असते, तिला चाकोरी म्हणतात, आणि दोन चाकोऱ्यांच्या मधे फक्कीची पांढरी रेघ. पंचाण्णव सालच्या यात्रेत शेवटच्या फेरीला धुळाची गाडी आणि भाऊसोची गाडी अगदी खेटून आल्या. भाऊसो गावातलाच, पन्नाशीचा, सरळ मनाचा पण तोंडाचा फटकळ गडी. पहिला कोण, यावर पंचांत जुंपली. कुणीतरी म्हणालं, नाथाजींनी फोटो काढलाय की, हातच्या काकणाला आरसा कशाला! नाथाजींनी फोटो धुतला, आणला, पंचांच्या हातात दिला. त्यात बैल नव्हतेच, नुसते पांढरे फराटे होते. शेवटी वयानं मोठा म्हणून मान भाऊसोला गेला. धुळा हसून मोकळा झाला, पण त्याच्या भावकीनं ते मनात ठेवलं. आणि नाथाजींनी तर जास्तच.

त्याच साली दिवाळीला पाचधोंडीचा उदयसिंह सुट्टीवर आला. तो फौजेत सुभेदार. आफ्रिकेत कुठंतरी शांतिसेनेच्या ड्यूटीवर जाऊन आला होता आणि येताना एक कॅमेरा घेऊन आला होता. चार दिवस त्याच्याशी झटापट करून तो स्टुडिओत आला आणि काउंटरवर तो ठेवून म्हणाला, "तात्या, बंदूक परवडली. ह्ये तुमी ठेवा. माझ्या पोरीच्या लग्नात ह्याच्यावर फोटू काढा म्हंजी झालं."

तो कॅमेरा आपलाआप स्पष्ट करायचा. डोळा लावला की आत मधोमध एक बारका चौकोन दिसायचा. तो चौकोन ज्याच्यावर धरला, ते भिंग स्वतः शोधून घ्यायचं. एवढ्यानं नाथाजी चकित झाले नाहीत. चकित झाले ते पुढच्या गोष्टीनं. बटण अर्धं दाबून ठेवलं आणि समोरचा माणूस चालत आला, तर भिंग त्याच्याबरोबर सरकत राहायचं, आतल्या आत घुर्र घुर्र करत. तो पुढं आला की हेही पुढं, तो मागं गेला की हेही मागं. बटण पुरतं दाबलं की एका दमात तीन-चार फोटो. माणसाला थांब म्हणायचं कारणच उरलं नव्हतं.

पण यंत्र म्हणजे काही देवऋषी नव्हे. चौकोन निसटला की ते मागच्या भिंतीला जाऊन चिकटायचं. मधनं कुत्रं गेलं की माणूस सोडून कुत्र्याला धरायचं. म्हणजे ते यंत्र शहाणं खरं, पण कुणाला धरायचं ते माणसानंच सांगायचं आणि शेवटपर्यंत सांगत राहायचं. नाथाजी पन्नाशीत नव्यानं शिकायला लागले. रोल न घालताच. एसटी स्टँडवर शिरणाऱ्या गाड्यांवर चौकोन धरायचे, कोंबड्यांवर धरायचे, पाण्याच्या टाकीवरनं उडणाऱ्या पारव्यांवर धरायचे. सांगलीला फोटो धुवायची औषधं आणायला गेले की कुपवाडला मेव्हण्याकडं मुक्काम. तिथं कारखान्यांच्या पाळ्या सुटायच्या वेळेला फाटकासमोर उभे राहायचे. शंभर स्कुटरी आणि लुना एकदम बाहेर पडायच्या, त्यातला एकच गडी निवडायचा, लांबनंच चौकोनात घ्यायचा आणि तो अंगावरनं जाईपर्यंत सोडायचा नाही. पाय रोवून कमरेतनं वळायचं, हातानं नाही, हे त्यांना तिथं उमगलं. एका वॉचमननं हटकलं तर म्हणाले, "मालक, रोल न्हाई आत. बघा हवं तर."

फाल्गुनात धुळा स्टुडिओत आला तेव्हा नाथाजींनी त्याला रस्त्यावर पळायला लावलं. भर बाजारात तो खुळ्यासारखा तीनदा पळाला. आत आल्यावर नाथाजी म्हणाले, "औंदा तुझ्या बैलांच्या पापण्या मोजून दावतो पंचास्नी. तू फकस्त गाडी पळीव."

"आणि फोटूला मी काय करायचं?"

"काय करू नगंस. आता कुणी काय करायचं न्हाई. आपलाआप धरतंय ह्ये."

हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, हे ध्यानात ठेवा.

शहाण्णव सालचा चैत्र. यात्रेला माणूस मावत नव्हतं. नाथाजी शेवटच्या रेघेच्या पलीकडं, बाभळीच्या मेढी रोवल्या होत्या त्यांच्या आड उभे राहिले. गाड्या समोरनं अंगावर येणार अशी जागा. कॅमेऱ्यात साधा काळापांढरा रोल घातला होता, म्हणजे घरीच धुता यावा. शेवटची फेरी लागली. धुळाची चाकोरी आणि भाऊसोची चाकोरी शेजारी शेजारी. झेंडा पडला. लांबनं आधी धूळच आली. नाथाजींनी धुळाच्या उजव्या बैलाच्या कपाळावर चौकोन ठेवला, बटण अर्धं दाबलं, आणि भिंग घुरघुरत मागं यायला लागलं. धुळा पुढं होता. दीड-दोन गाड्यांचं अंतर काढलं होतं त्यानं. नाथाजींनी बटण दाबलं. एक. दोन. दोन्ही लख्ख, त्यांना आतनंच कळलं. तेवढ्यात बैलांच्या शिंगांच्या मधनं धुळाचं तोंड वर आलं, घामानं निथळलेलं, आणि चौकोन बरोब्बर त्या तोंडावर बसला.

आणि नाथाजींच्या तोंडातनं ती आरोळी गेली.

"धुळा, इकडं बघ!"

काही गरज नव्हती. यंत्रानं त्याला धरलेला होता, घट्ट धरलेला होता. पण पंचवीस वर्षं चौकटीत तोंड आलं की घशातनं तेच शब्द बाहेर पडलेले. हजार माणसं ओरडत होती, कर्ण्यावरनं पंच ओरडत होता, हलगी कडाडत होती. त्या सगळ्या कल्लोळात तो एक आवाज धुळानं ओळखला. ज्या आवाजाला तो जावळापासनं मानत आला, त्याला त्यानं आताही मानलं. त्यानं बघितलं, हसला, आणि कासऱ्यावरचा हात सोडून आसूड उंच धरला.

बैलांना कासरा ढिला पडल्याचं लगेच कळतं. ते फक्कीच्या रेघेवरनं भाऊसोच्या चाकोरीत घुसले. चाक रेघेलगतच्या धोंड्यावर चढलं आणि फळीवरनं धुळा उडाला. मागनं भाऊसोची गाडी आली ती त्याच्यावरनं गेली. नाथाजींचं बोट बटणावरच होतं. पाचवा फोटो निघाला तेव्हा चौकोनात नुसती रिकामी फळी होती.

माणसं धावली. हजार पायांनी फक्कीच्या रेघा पुसल्या. जीपमधनं धुळाला दवाखान्यात नेत होते, दहिवडीच्या वाटेवरच त्याचा जीव गेला. चोवीस वर्षांचा होता.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथं खोड एकाची होती, आणि मेला दुसराच.

पोलिसांनी अपघात म्हणून लिहून घेतलं आणि ते गेले. पण गावाचा कागद वेगळा असतो. भाऊसोनं चाकोरी सोडून गाडी घातली, गेल्या सालच्या तंट्याचं उट्टं काढलं, असं कुणीतरी बोललं आणि सांजेपर्यंत ते सगळ्या गावानं डोळ्यांनी पाहिलेलं झालं. रंगुबाई भाऊसोच्या दारात जाऊन बोटं मोडून आली. "तुझ्या घरात दिवा लागायचा न्हाई," म्हणाली. भाऊसो हात जोडून उभा होता आणि सांगत होता, "आवं रंगुवैनी, मी कासरा वडत व्हतो वो, दोनी हातांनी वडत व्हतो." कोण ऐकतो!

नाथाजींनी दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. आतनं कडी लावून अंधारखोलीत रोल धुतला. पाच फोटो. पहिले दोन बैलांचे. चौथ्यात धूळ, पाचव्यात फळी. तिसरा त्यांनी औषधाच्या ताटलीत उमटताना बघितला. त्यात सगळं होतं. धुळाचे डोळे थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत. वर केलेला हात. लोंबणारा कासरा. बैलांचे पुढचे पाय फक्कीच्या रेघेपलीकडं पडलेले. आणि मागं, जरा धूसर पण ओळखू येण्याइतका, भाऊसो. आपल्या चाकोरीत, पार मागं रेललेला, दोन्ही हातांनी कासरा ओढणारा. पंचवीस वर्षांत असा फोटो नाथाजींच्या हातनं निघाला नव्हता. त्यांनी तो वाळवला, निगेटिव्हसकट पाकिटात घातला आणि पाकीट गल्ल्याखालच्या खणात ठेवलं.

भ्याले. दुसरं काय! रंगुबाईला काय सांगायचं, तुझ्या पोराला मी मारला? हाक मारून मारला? इतक्या माणसांत आपला आवाज त्याला ऐकू गेला असेल कशावरनं, असं ते स्वतःला सांगायचे. मग ते डोळे आठवायचे.

दहाव्या दिवशी रंगुबाई स्वतःच आली. स्टुलावर बसली, जिथं धुळा बसायचा तिथंच.

"तात्या, तेराव्याला फोटू पायजे भिंतीवर. भरतीचा हाय, पर त्यात डोळं फाडून बसलाय, माझा वाटंना गेलाय. दुसरा कुठला असंल तर बघा की."

नाथाजी आत गेले. मग त्यांनी तिसरा फोटो मोठा करायला घेतला आणि छापायच्या कागदावर नुसतं तोंड येईल अशी चौकट बांधली. हात कापला. कासरा कापला, बैल कापले, रेघ कापली, भाऊसो कापला. उरलं ते एक हसरं तोंड, केस उडालेले, कपाळावर घाम. काचेची चौकट करून ते त्यांनी स्वतः पाचधोंडीला नेऊन पोहोचवलं.

तेराव्याला आलेलं प्रत्येक माणूस त्या फोटोसमोर रडलं. "आता बोलंल असा हाय गं," बायका म्हणायच्या. "काय क्यामेरा, काय हात तात्यांचा!" पुरुष म्हणायचे. नाथाजींच्या पानातलं अन्न पानातच राहिलं. हात धुवायला उठले तशी रंगुबाई जवळ आली आणि सहज म्हणाली, "तात्या, कुणाकडं बघून हसला वो त्यो? असा तर घरात बी हसायचा न्हाई."

"आनंदात व्हता," नाथाजी म्हणाले. "पुढं व्हता न्हवं."

तिला ते पुरलं. माउलीला किती पुरतं, आणि देणारा किती थोडं देतो!

दुसऱ्या आठवड्यात भाऊसो आला. दाढी वाढलेली, टोपी हातात.

"तात्या, धुळाच्या घरात त्यो फोटू लावलाय त्यो शर्यतीतलाच, असं म्हणत्यात. म्हंजी तुमी त्या टायमाला काढत व्हता. मग आजूबाजूचं काय आलं आसंल की. माझी गाडी, रेघ, कायतरी. मला बघू तरी द्या."

"तेवढंच आलंय रं," नाथाजी गल्ल्याशी हात ठेवून म्हणाले. "बाकी समदं हललंय. गेल्या साली नव्हतं का आलं, तसं."

भाऊसोनं त्यांच्याकडं बघितलं. शंका घ्यायची त्याची जातच नव्हती. "बरं," म्हणाला. "तुमी कशाला खोटं बोलाल?" आणि टोपी घालून गेला.

पुढचे दोन महिने पाचधोंडीच्या बातम्या बाजारच्या दिवशी दुकानात येऊन पडत राहिल्या. गिरणीत भाऊसोच्या बायकोचा डबा मागं सरकवतात. पारावर तो बसला की बाकीचे उठतात. त्यानं आपले शर्यतीचे बैल विकून टाकले. मग ज्येष्ठात कळलं, की त्याच्या थोरल्या पोरीची, पूजाची, ठरलेली सोयरीक मोडली. सुपारी फुटली होती, तारीख निघायची होती. मुलाकडचे म्हणाले, खुनाचा डाग असलेल्या घरची पोर आम्ही आणत नाही. नाथाजींनी ते ऐकलं आणि गिऱ्हाइकाला भलताच फोटो दिला. त्याच्या घरी जाऊन तो परत आणावा लागला.

आणि मग एका दुपारी भाऊसो पूजाला घेऊन दुकानात आला. पोरीनं निळं पातळ नेसलं होतं, आईचं असावं. भाऊसो खालच्या आवाजात म्हणाला, "तात्या, हिचा एक चांगला फोटू काढा. अथणीकडं एकजण वळकीचा हाय, त्येच्या हातानं पाठवतो. तिकडं कानडी मुलखात कुणाला आमचं काय ठावं न्हाई. पोरगी लांब जाईल, कवा भेटंल न भेटंल, पर नांदंल तरी."

पूजा स्टुलावर बसली. नाथाजींनी कॅमेऱ्याला डोळा लावला. चौकोन तिच्या तोंडावर बसला, भिंग घुरघुरलं, गप झालं. पोरीनं सांगायच्या आधीच बघितलं होतं, सरळ. रडून रडून डोळ्यांच्या कडा लाल झालेल्या. ती वाट बघत होती, आता हे काय म्हणतात त्याची. नाथाजींच्या घशातनं शब्द निघेना. बोट दाबलं जाईना. तोफेसारखा तो आवाज, पंचवीस वर्षं एका दिवसालाही बसला नव्हता, तो बसला.

"फोटू नगं," ते कसेबसे म्हणाले. "पोरीला घरी ने भाऊसो. मी येतो मागनं."

त्यांनी खणातलं पाकीट काढलं, अंधारखोलीत गेले आणि तिसरा फोटो पुरता, कडेपासनं कडेपर्यंत, मोठ्या कागदावर छापला. ओला तसाच दोन वर्तमानपत्रांत दाबला आणि पाचधोंडीची वाट धरली. एसटीची वाट बघितली नाही. उन्हात दोन कोस चालत गेले. वाटेत एकदा त्यांना वाटलं, आधी भाऊसोकडं जावं, ते सोपं पडेल. पण पाय रंगुबाईच्या घराकडंच वळले.

ती ओट्यावर सुपात मटकी निवडत होती. नाथाजी उभेच राहिले आणि त्यांनी कागद तिच्या हातात दिला.

रंगुबाईला अक्षर येत नव्हतं, पण फोटो वाचायला अक्षर कशाला लागतं? आधी तिनं पोराच्या तोंडावर हात फिरवला. मग त्याचा हात वर गेलेला दिसला, त्या हाताच्या मागं मागं तिचं बोट खाली कासऱ्याकडं आलं. लोंबणाऱ्या कासऱ्यावर ते थांबलं. मग बैलांचे पाय.

"ह्यी फक्की?"

"व्हय."

"मंजी आपलीच बैलं पलीकडं गेल्यात."

"व्हय."

"ह्यो मागं भाऊसो." ती वाकून बघत राहिली. "त्यो वडतोय वो. त्यो तर म्हणत व्हता तसा वडतोय."

"व्हय, रंगुबाई."

तिनं मान वर केली. "मग माझ्या पोरानं हात का सोडला?"

नाथाजींनी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. "मी हाक मारली. इकडं बघ म्हणालो. त्येनं बघितलं."

"फोटूसाठनं?"

"न्हाई. फोटूला गरजच न्हवती. क्यामेरा आपलाआप धरतोय, बघ म्हणायला लागत न्हाई. सवयीनं तोंडातनं गेलं. नुसत्या सवयीनं. आणि भिंतीवर जो लावलाय त्यो ह्यातलाच. मीच कापून दिला, तुमाला दिसू नये म्हणून."

मटकीचं सूप तिच्या मांडीवरनं घसरलं आणि दाणे ओट्यावर पसरले. ती ओरडेल, कपाळ बडवून घेईल, अंगावर येईल असं नाथाजींना वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर ती तसं करेल तर बरं, असंही वाटलं होतं. तिनं तसलं काही केलं नाही. ती घरातल्या भिंतीकडं बघत बसली, जिथं हार घातलेलं ते तोंड हसत होतं. मग एवढंच म्हणाली, "दोन म्हैनं मी त्या माणसाचं तळपट मागितलं देवाकडं. रोज सांजसकाळ."

ती उठली. डोक्यावर पदर घेतला, फोटो हातात घेतला आणि अनवाणीच चालायला लागली. नाथाजी तिच्या मागं. भर दुपारचं गावातनं जाताना पारावरची माणसं बोलायची थांबली. तिनं कुणाकडं बघितलं नाही. भाऊसोच्या दारात ती आली तेव्हा त्याची बायको उंबऱ्यातच थबकली, पुन्हा काय ऐकावं लागतंय या भीतीनं. आत पूजा निळ्या पातळातच बसलेली होती.

"वैनी," रंगुबाई म्हणाली, "पाणी द्या."

चैत्रापासनं त्या घरात गावातल्या एकाही माणसानं पाणी घेतलं नव्हतं. भाऊसोची बायको जागची हलेना. मग ती आत पळाली आणि तांब्या घेऊन आली. भाऊसो गोठ्यातनं बाहेर आला. रंगुबाईनं फोटो त्याच्या हातात दिला. "पारावर घिऊन जा. समद्यास्नी दाव. पोरीच्या सोयऱ्यास्नी दाव. कुणी इचारलं तर मी सांगितलंय म्हण, आणि ह्ये तात्या बी सांगतील. सांगशीला न्हवं?"

"सांगतो," नाथाजी म्हणाले.

भाऊसोनं फोटो बघितला. त्यात आपले कासरा ओढणारे हात बघितले. तो गडी, ज्यानं दोन महिन्यांत गावासमोर टिपूस काढलं नव्हतं, तो खांबाला धरून हमसून हमसून रडायला लागला. रंगुबाईनं तांब्या उंच धरून पाणी प्यायलं, घोट घोट करत, सगळ्यांना दिसेल असं. मग तांब्या भाऊसोच्या बायकोकडं परत दिला.

त्या माउलीनं तो पुन्हा भरला आणि उन्हातनं आलेल्या नाथाजींपुढं केला. नाथाजींनी हात पुढं केला नाही. त्यांनी रंगुबाईकडं बघितलं.

"घ्या की," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच त्यांना लागलं. "हितं घ्या. हितलं पाणी तुमी सोडवलंय. माझ्या उंबऱ्याला मातर परत कवा पाणी मागू नगा, तात्या."

नाथाजींनी तांब्या तोंडाला लावला आणि पाणी संपेपर्यंत खाली घेतला नाही.